क्राऊन उघडण्याआधी : जुन्या बोलेरो-जीपचा ‘खट्’ कुठून येतो

पहिला गिअर टाकून क्लच सोडला की खालून ‘खट्’. रिव्हर्सला पुन्हा ‘खट्’. चाळीसच्या वेगात ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, परत ठेवला, की दोन्ही वेळा ‘खट्’. रावेर-सावद्याकडे केळी वाहणाऱ्या पिकअप, शहाद्याहून धडगावकडे चढणाऱ्या कमांडर आणि मार्शल, गावोगावच्या जुन्या बोलेरो, सगळ्यांच्या मालकांना हा आवाज ओळखीचा आहे. गॅरेजात त्याचं निदानही ठरलेलं असतं : ‘क्राऊन गेला, भाऊ.’ मग हौसिंग (मागच्या ॲक्सलची लोखंडी पेटी) उघडतं, क्राऊन-पिनियनचा, म्हणजे त्यातल्या मोठ्या दातेरी चक्राचा आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या गिअरचा, नवा सेट पडतो, दात्यांची बसवणी अंदाजाने होते. गाडी रस्त्यावर आली की साठच्या पुढे हौसिंग ओरडायला लागतं. ‘खट्’ मात्र जिथल्या तिथे असतो.

माझं म्हणणं असं की या आवाजात क्राऊनवर संशय सगळ्यात शेवटी घ्यावा. हे मत हवेतलं नाही, त्याला हिशेब आहे, आणि तो एकदा डोक्यात बसला की गाडीखाली काय शोधायचं ते आपोआप कळतं.

इंजिनपासून चाकापर्यंत ताकद जाते ती दहा-बारा सांध्यांतून : क्लच प्लेटच्या स्प्रिंगा, तिचा स्प्लाइन (शाफ्टवरच्या उभ्या खाचा-दाते), गिअरबॉक्सचे दाते, प्रोपेलरचे (गिअरबॉक्सपासून मागच्या हौसिंगपर्यंत जाणाऱ्या शाफ्टचे) क्रॉस म्हणजे वाकणारे सांधे, त्याची लांबी कमी-जास्त होऊ देणारा सरकणारा फोर्क, पिनियन-क्राऊन, डिफरेन्शियलच्या (दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या भागाच्या) आतले छोटे गिअर, ॲक्सलचे स्प्लाइन, चाकाचे नट. प्रत्येक सांध्यात थोडा प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, असतोच आणि तो असायलाच हवा. ताकदीची दिशा बदलली की हे सगळे प्ले एका बाजूने रिकामे होऊन दुसऱ्या बाजूला भरतात आणि शेवटी धातूवर धातू आपटतो. तो ‘खट्’ म्हणजे सगळ्या प्लेची बेरीज. त्यामुळे आवाज येतो का हा प्रश्न अपुरा आहे. बेरजेतला मोठा आकडा कोणाचा, हे शोधायचं.

आता हिशेब. जीपवर्गातल्या क्राऊनचा व्यास साधारण २२० मिलिमीटर धरू. नव्या सेटमध्ये दात्यांमधली मोकळीक सुमारे ०.१५ ते ०.२० मिलिमीटर ठेवतात. ११० मिलिमीटर त्रिज्येवर ०.२० मिलिमीटर म्हणजे क्राऊनवर ०.१ अंश. गुणोत्तर, म्हणजे क्राऊनच्या एका फेऱ्यात पिनियनचे फेरे, ४.५ धरलं तर पिनियनच्या फ्लँजवर (प्रोपेलर जोडतात त्या चकतीवर) तो अर्धा अंशही भरत नाही. दाते झिजून मोकळीक तिप्पट झाली तरी फ्लँजवर दीड अंशाच्या आत. फ्लँज ९० मिलिमीटर व्यासाची असेल तर तिच्या कडेवर एवढ्याने जेमतेम १ मिलिमीटर हालचाल होते. पण ‘खट्’ करणाऱ्या जुन्या गाडीत चाकं रोखून फ्लँज हलवून बघा, कडेवर ८-१० मिलिमीटर सहज सापडतात. मग बाकीचे आले कुठून?

ॲक्सलच्या स्प्लाइनमधून आणि डिफरेन्शियलच्या छोट्या गिअरमधून. ॲक्सलची जाडी ३० मिलिमीटर धरा. दोन्ही बाजूंचे स्प्लाइन ०.३ मिलिमीटर झिजले तर १५ मिलिमीटर त्रिज्येवर तो प्ले १.१ अंश होतो, आणि हा प्ले चाकाच्या बाजूचा असल्यामुळे पिनियनकडे ४.५ पट होऊन येतो, म्हणजे ५ अंश. क्राऊनचे दाते तिप्पट झिजून जेवढा प्ले देतात, त्याच्या तिपटीहून जास्त हे स्प्लाइन देतात. छोट्या गिअरच्या मागचे थ्रस्ट वॉशर (टेकूच्या पातळ चकत्या) झिजले की तेही असेच गुणून येतात. हे वॉशर क्राऊन-पिनियनच्या सेटमानाने फार स्वस्त असतात आणि नवा सेट टाकताना बहुतेकदा जुनेच परत बसवले जातात. आवाज तसाच राहण्याचं कारण तिथेच आहे.

आवाजाची वेळ लिहून काढा

गाडीखाली जाण्याआधी अर्धा तास गाडी चालवा आणि आवाज कोणत्या क्षणी येतो ते कागदावर लिहा. ‘खालून आवाज येतो’ एवढं सांगून मिस्तरीच्या हाती काहीच लागत नाही. प्रोपेलर ही पोकळ नळी आहे, तिच्या कुठल्याही टोकाला ठोका बसला तरी अख्खी नळी वाजते. त्यामुळे आवाज जिथे ऐकू येतो त्या जागेवर भरवसा ठेवायचा नाही. भरवशाची असते ती वेळ.

पहिली चाचणी सगळ्यात सोपी. गाडी वीसच्या वेगात आणा, न्यूट्रल करा आणि स्पीडब्रेकरवरून किंवा खड्ड्यातून तशीच जाऊ द्या. तरीही ‘खट्’ आला तर तो ताकदीच्या मार्गातला नाही, शॉकॲब्जॉर्बर, शॅकल (कमानीचा झुलता जोड), कमानपाटे (पाट्यांची स्प्रिंग) किंवा बॉडीच्या माऊंटिंगचा आहे. न्यूट्रलमध्ये गाडी गप्प आणि गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडता-दाबताना आवाज, असं असेल तर पुढचं वाचा.

गाडी थांबता थांबता किंवा थांबून निघताना एकदाच ‘टण्’ होत असेल तर पहिला संशय प्रोपेलरच्या सरकणाऱ्या फोर्कवर. निघताना जड ‘धप्’ आणि मागोमाग पायाखाली थरथर आली तर इंजिनचं फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं ते रबर) बघा, आणि दोन तुकड्यांचा प्रोपेलर असेल तर त्याला मध्ये आधार देणारं सेंटर बेअरिंगही. ब्रेक दाबताना एकदा आणि लगेच निघताना एकदा आवाज आला तर यू-बोल्ट, म्हणजे हौसिंग कमानीला बांधणारे बोल्ट. वळणावर, तेही एकाच बाजूच्या, आला तर ॲक्सल, चाकाचं बेअरिंग किंवा डिफरेन्शियलच्या आतले गिअर. रिव्हर्स घेतल्यानंतरच्या पहिल्याच ब्रेकला येऊन थांबत असेल तर तो बहुधा ब्रेकशूजचा. शू आपल्या टेकूवर आपटतात, त्यात ताकदीच्या मार्गाचा संबंध नाही.

एकदाच येणारा ‘खट्’ आणि सतत चालणारी ‘टक-टक’ यांत गल्लत करू नका. टक-टक असेल तर टायरवर खडूची रेघ मारा आणि कोणाला तरी गाडी चालत्या माणसाच्या गतीने पुढे घ्यायला सांगून बाजूने चाला. चाकाच्या एका फेऱ्यात एकच टक असेल तर दोष चाकाच्या गतीने फिरणाऱ्या भागात : चाकाचे नट, ॲक्सल, क्राऊनचा एखादा तुटका दाता. एका फेऱ्यात चार-पाच किंवा त्याहून जास्त असतील तर तो प्रोपेलरच्या बाजूचा, म्हणजे क्रॉस किंवा पिनियन. क्राऊन-पिनियनवर खरा संशय घ्यायची एक जागा म्हणजे ही टक-टक.

खाली शिरल्यावर

जागा सपाट आणि टणक हवी. खळ्यात, काळ्या मातीवर, त्यातही पाऊस पडून गेल्यावर जॅक लावू नका, तो तिरपा रुततो. लावायचाच झाला तर खाली जाड फळी आणि ॲक्सलखाली घोडी (स्टँड). चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. एक धोका फार जणांच्या लक्षात येत नाही. काही जुन्या जीपांत हँडब्रेकचा ड्रम चाकाला नसून ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे असतो. अशा गाडीचं एक मागचं चाक उचललं की हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकते, कारण डिफरेन्शियल उचललेलं चाक उलटं फिरू देतं. गाडी गिअरमध्ये ठेवली तरी हेच होतं. तिथे रोखतात ते फक्त ठोकळे.

सुदैवाने पहिल्या तपासण्यांना जॅक लागतच नाही, बोलेरोखाली तसंच शिरता येतं. चारही चाकं जमिनीवर, चाकावरचा हँडब्रेक असेल तर तो ओढलेला, गाडी न्यूट्रल. पिनियनच्या फ्लँजवर आणि हौसिंगच्या नाकावर समोरासमोर पांढऱ्या रंगाची एकेक रेघ मारा. फ्लँज हाताने एका टोकाला नेऊन थांबवा, मग दुसऱ्या टोकाला, आणि रेघ किती सरकली ते पट्टीने मोजा. हा हौसिंगच्या आतला आणि ॲक्सलचा एकत्र प्ले. आकडा लिहून ठेवा.

मग एका हाताने फ्लँज घट्ट धरा आणि दुसऱ्याने प्रोपेलर उलट दिशेने पिळा. इथे हाताला जाणवेल एवढी हालचालसुद्धा चालत नाही. क्रॉसमध्ये हाताला कळणारा प्ले शून्य असायला हवा. तसंच गिअरबॉक्सच्या टोकाला करा. नंतर टॉमी (लोखंडी कांब) घालून क्रॉस वर-खाली उचकून बघा. क्रॉसच्या चार टोकांवर बसणाऱ्या कपांच्या कडेला तांबूस भुकटी दिसली तर आतल्या सुया कोरड्या पडल्यात, बाकी तपासायची गरज नाही.

आता इंजिन बंद ठेवून पहिला गिअर टाका आणि गिअरबॉक्सच्या मागची फ्लँज फिरवून प्ले मोजा. मग डायरेक्ट गिअर (एकास एक गुणोत्तराचा) टाकून तेच करा. चार गिअरच्या आणि बहुतेक पाच गिअरच्या बॉक्समध्ये तो चौथा असतो. ही तुलना फार उपयोगी आहे. क्लच प्लेट आणि इनपुट शाफ्टकडचा प्ले पहिल्या गिअरमध्ये मागच्या बाजूला गुणोत्तराने भागून येतो. गुणोत्तर चार असेल तर क्लचकडचे ८ अंश मागे २ अंशच दिसतात. डायरेक्टमध्ये मात्र पूर्ण ८ दिसतात. म्हणून पहिल्यात थोडा आणि डायरेक्टमध्ये बराच जास्त प्ले आला तर मूळ क्लच प्लेटच्या स्प्रिंगांत किंवा तिच्या स्प्लाइनमध्ये आहे. न्यूट्रलमध्ये आयडलला खडखड येते आणि क्लच दाबताच थांबते, हीही खूण जुळते का ते बघा, पण तो आवाज गिअरबॉक्सच्या इनपुट बेअरिंगचाही असू शकतो. दोन्ही गिअरमध्ये प्ले सारखाच असेल तर गिअरबॉक्सच्या मागच्या शाफ्टचा स्प्लाइन किंवा फ्लँजचा ढिला नट बघा. फोर-व्हील गाडीत ट्रान्सफर केसचा प्ले यात मिसळतो, तो बेरजेत धरा. आणि अशी गाडी कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावून चालवली जात असेल तर आधी ते थांबवा. पुढच्या-मागच्या चाकांतला फरक जिरायला जागा नसते, शाफ्ट पिळले जातात आणि सुटताना आवाज करतात.

प्रोपेलर

आपल्याकडे क्रॉस मरतो तो बहुतेक दोन कारणांनी, पाणी आणि कोन. पावसाळ्यात नाल्यातून गाडी काढली की काळी माती आणि पाणी कपाच्या सीलपर्यंत पोचतं. सर्व्हिसिंग सेंटरवरचा जोराचा फवारा तर पाणी सीलच्या आत ढकलतो. म्हणून गाडी धुतल्यावर ग्रीस करायचं, धुण्याआधी नाही. ग्रीस गन चालवत राहा, जोपर्यंत चारही कपांच्या कडेने जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसत नाही. तीन कपांतून आलं आणि चौथ्यातून आलं नाही तर त्या चौथ्याचा रस्ता बुजलाय आणि तोच कप आधी जाणार. प्रोपेलर थोडा फिरवून, वजन बदलून पुन्हा मारा. तरी येत नसेल तर क्रॉस बदलायची तयारी ठेवा. ईपी लिथियम ग्रीस, दोन नंबर. कोरड्या दिवसांत ५,००० किलोमीटरला एकदा पुरे, पावसाळ्यात खोल पाण्यातून गेल्यावर दरवेळी.

कोनाचा प्रश्न आपण स्वतः ओढवून घेतो. माल जास्त बसावा म्हणून कमानीत जादा पाटा टाकला जातो. गाडी मागून उचलते, पिनियनचं नाक आणि प्रोपेलर यांच्यातला कोन बदलतो, आणि क्रॉसला प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकावं लागतं. प्रोपेलरच्या दोन्ही टोकांचे कोन एकमेकांच्या जवळपास सारखे हवेत. मोबाइलमधलं कोन मोजायचं ॲप गिअरबॉक्सच्या फ्लँजवर, प्रोपेलरच्या नळीवर आणि पिनियनच्या फ्लँजवर टेकवून तीन आकडे घ्या. पुढच्या दोघांतला फरक आणि मागच्या दोघांतला फरक साधारण अंशभराच्या आत जुळले तर ठीक. जास्त तफावत असेल तर कमान आणि हौसिंगच्या मध्ये पाचरपट्टी घालून पिनियनचं नाक वळवावं लागतं. ते न करता क्रॉस बदलला तर नवाही लवकर जातो.

क्रॉस बदलताना हातोड्याचं काम कमीत कमी ठेवा. आधी फ्लँज, दोन्ही फोर्क आणि सरकणारा स्प्लाइन यांवर रंगाच्या खुणा करा. दोन्ही टोकांचे फोर्क एकाच रेषेत राहायला हवेत. स्प्लाइनचा एक दाता चुकला तरी पन्नासच्या पुढे गाडी थरथरते, आणि मग कोणी तरी चाकं बॅलन्स करायला पाठवतं. सर्क्लिप (कप अडवणारी रिंग) काढून शाफ्ट व्हाइसमध्ये धरा. एका बाजूला कपापेक्षा लहान गोटी (पान्याचं सॉकेट), दुसऱ्या बाजूला कप आत मावेल एवढी मोठी गोटी, आणि दाबून कप काढा. नवा कप घालताना सुया ग्रीसने भिंतीला चिकटवून ठेवा. सर्क्लिपची खाच उघडी पडायला एखादा मिलिमीटर कमी पडतोय असं दिसलं की हात थांबवा. एक सुई आडवी होऊन तळाशी पडलीय. लोक नेमके तिथेच घण घालतात आणि कप तडकतो. काढा, सुई उभी करा, परत घाला. सर्क्लिप बसल्यावर फोर्कच्या कानांवर पितळी हातोडीने हलके ठोके द्या म्हणजे कप मागे सरकून सर्क्लिपला टेकतील. क्रॉस दोन्ही दिशांना हाताने, अडखळत न राहता फिरला पाहिजे.

कप फोर्कच्या भोकात बोटाने दाबूनच आत जात असेल तर फोर्क संपलाय. भोकाला पंचने टोचे मारून किंवा वेल्डिंगचा थेंब टाकून कप घट्ट करतात, ते जेमतेम काही आठवडे चालतं. फोर्कच बदला.

सरकणारा फोर्क हा या सगळ्यात सर्वांत स्वस्त दोष. ब्रेक लावताना आणि निघताना हौसिंग कमानीवर किंचित मागे-पुढे वळतं, प्रोपेलरची लांबी बदलते आणि स्प्लाइनला सरकावं लागतं. तो कोरडा असेल तर अडकतो, आणि ताण वाढला की एकदम सुटतो : ‘टण्’. ग्रीस भरून एक फेरी मारा. आवाज गेला किंवा निम्मा झाला तर दोष तिथेच होता. मग फोर्क ओढून काढा, स्प्लाइन डिझेलने धुवा आणि दात्यांच्या अंगावरून नख फिरवा. नखाला पायरी लागली तर ग्रीस थोडेच दिवस झाकेल. रबरी बूट फाटलेला असेल तर तो आधी बदला, माती तिथूनच शिरते.

सेंटर बेअरिंग तपासायला एक मिनिट लागतं. प्रोपेलर बेअरिंगजवळ धरून वर-खाली दाबा. रबर थोडं दबून परत येणं ठीक, पण शाफ्ट बाहेरच्या लोखंडी कड्याला टेकत असेल किंवा रबराला आरपार चीर असेल तर बदला. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, सायलेन्सरची नळी शेजारून जाते, आणि ते रबर कडक होऊन तडकतं.

फाउंडेशन आणि यू-बोल्ट

बॉनेट उघडा, हँडब्रेक घट्ट, पाय ब्रेकवर, चाकांना ठोकळे. एकाने पहिल्या गिअरमध्ये क्लच हलकेच, गाडी ताण घेईल इतकाच सोडायचा. दुसऱ्याने बाजूला उभं राहून इंजिन बघायचं, गाडीसमोर नाही. मग हेच रिव्हर्समध्ये. साध्या रिअर-व्हील गाडीत पुढच्या गिअरला इंजिनची डावी बाजू उचलते, रिव्हर्सला उजवी. गाडी बहुतेक वेळ पुढेच जाते, म्हणून डावं फाउंडेशन आधी फाटतं. इंजिन किंचित झुकणं ठीक आहे. बोटभर उचलून परत आपटत असेल तर रबर पत्र्यापासून सुटलंय. वरून अखंड दिसणारं फाउंडेशनही खालच्या चकतीपासून सुटलेलं असतं, म्हणून टॉमीने उचकून बघितल्याशिवाय त्याला पास करू नका. डिझेल किंवा ऑइल ठिबकत असेल तर नवं रबरही फुगून मऊ पडतं, आधी गळती बंद करा. गिअरबॉक्सखालचं तिसरं फाउंडेशन विसरू नका. ते तुटलं की गिअर टाकताना लिव्हर हातात उडी मारतो.

यू-बोल्टसाठी हीच क्लचची चाचणी पुन्हा घ्या, पण आता मागच्या चाकाजवळ, गाडीबाहेर बसून हौसिंगकडे बघा. कमान आणि हौसिंगची बैठक यांच्यात केसाएवढी सरकसुद्धा दिसता कामा नये. तिथे चकाकणारा घासलेला पट्टा किंवा लाल भुकटी असेल तर बोल्ट ढिला आहे. मग पुढचं चाक सरळ करून पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना टेपने मोजा. पाच-सहा मिलिमीटरहून जास्त फरक आला तर कमानीचा सेंटर बोल्ट तुटून हौसिंग सरकलंय. जादा पाटा टाकलेल्या गाडीत यू-बोल्ट आखूड पडतो, नटाबाहेर आटे उरत नाहीत, आणि चांदसैली घाटासारख्या चढावर भरलेली गाडी पहिल्यात खेचली की बैठक हलते. त्या जाडीला पुरेल असा नवा बोल्ट आणि नवे नट घ्या, ताणलेला जुना परत वापरू नका. गाडीचं वजन कमानीवर असताना, चारही नट तिरपे-तिरपे थोडे थोडे आवळत कंपनीने दिलेल्या टॉर्कपर्यंत न्या, आणि ५०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. पाटे बसतात, बोल्ट ढिला पडतोच.

शॅकल आणि कमानीच्या पुढच्या डोळ्याचे बुश याच वेळी टॉमीने हलवून बघा. चाकाचे नट तर सगळ्यांच्या आधी. नट ढिले राहून डिस्कची भोकं लंबगोल झाली की नेमका असाच ‘खट्’ येतो.

आता हौसिंग

इथवर सगळं घट्ट निघालं आणि फ्लँजवर लिहून ठेवलेला आकडा मोठा असेल, तेव्हाच हौसिंगकडे वळायचं. पिनियनची फ्लँज वर-खाली हलवा. हलली तर पिनियनचं बेअरिंग किंवा नट ढिला. इथे पाना टाकून नट आवळायचा मोह आवरा. आत दबणारी नळी असलेल्या हौसिंगमध्ये नट जास्त आवळला की बेअरिंगवरचा भार वाढतो आणि ते तापून जातं. नट किती आवळायचा हे पिनियन फिरवायला लागणारा जोर मोजून ठरतं.

मग दोन्ही मागची चाकं घोडीवर, पुढच्या चाकांना ठोकळे, हँडब्रेक सोडलेला, गाडी गिअरमध्ये. मदतनिसाला एक चाक घट्ट धरायला सांगा आणि दुसरं पुढे-मागे हलवा. टायरच्या कडेवर जो प्ले येतो त्यात ॲक्सलचे स्प्लाइन आणि आतले छोटे गिअरच प्रामुख्याने असतात. हा आकडा मोठा असेल तर क्राऊनचा सेट विकत घेऊ नका. चाक आत-बाहेर ओढूनही बघा, वळणावरचा ‘खट्’ बहुतेक तिथला.

ऑइल काढताना स्वच्छ ताटात काढा आणि उन्हात धरा. ड्रेन प्लगच्या मॅग्नेटवर काळा लगदा असणं साहजिक आहे. नखाला लागणारे तुकडे किंवा दात्याचा कपचा निघाला तर हौसिंग उघडायला पर्याय नाही. ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. तापलेलं हौसिंग थंड नाल्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि खराब सीलमधून किंवा ब्रीदरमधून (हवा ये-जा करायच्या नळीतून) पाणी ओढलं जातं. ब्रीदर काळ्या मातीने बुजलेला असेल तर उलटा त्रास, आतला दाब सील फोडून ऑइल ब्रेकच्या ड्रममध्ये ढकलतो. ब्रीदर दर सर्व्हिसिंगला काढून फुंकून बघा.

उघडल्यावर पहिलं काम म्हणजे बेअरिंगच्या टोप्यांवर डाव्या-उजव्या खुणा. त्या अदलाबदल झाल्या तर बेअरिंग नीट बसत नाही. डावी-उजवीकडचे शिम (जाडी जुळवणाऱ्या पातळ चकत्या) वेगळे बांधून ठेवा. धुऊन पुसून डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) लावा आणि क्राऊनची मोकळीक चार ठिकाणी मोजा. आकडे कंपनीच्या मर्यादेत आणि एकमेकांशी जुळणारे असतील, दात्यांवर कपचे नसतील, तर पिनियनला हात लावू नका. क्राऊनचे बोल्ट मात्र एकेक करून बघा, ढिला बोल्ट हा ‘खट्’चं पक्कं कारण आहे. मग छोटे गिअर ज्यावर फिरतात ती आतली पिन काढा. तिच्यावर गिअरने खाच पाडली असेल तर पिन, छोटे गिअर आणि सगळे थ्रस्ट वॉशर एकत्र बदला. शिम जिथले तिथे घातले तर क्राऊनची बसवणी बिघडत नाही आणि फ्लँजवरचा प्ले एकदम खाली येतो. ॲक्सलचा स्प्लाइन पिळलेला किंवा पायरी पडलेला दिसला तर ॲक्सलसोबत त्या बाजूचा गिअरही घ्या. नवा ॲक्सल जुन्या गिअरमध्ये घातला तर अर्धा प्ले तसाच राहतो.

दाते खरोखरच तुटलेले असतील तर क्राऊन आणि पिनियन जोडीनेच बदलायचे, दोघांवर कोरलेला नंबर जुळवून. दात्यांना रंगाची पेस्ट लावून ठसा बघितल्याशिवाय आणि डायल गेजवर मोकळीक मोजल्याशिवाय जो मिस्तरी झाकण लावतो, त्याच्याकडे हे काम देऊ नका. ठसा दात्याच्या मध्यावर हवा, टोकाला किंवा मुळाशी गेलेला ठसा म्हणजे पुढे होणारा ओरडा. भरताना जीएल-५ दर्जाचं ९० नंबरचं ऑइल, गाडी सपाट उभी असताना भरणीच्या भोकातून ओघळेपर्यंत. गिअरबॉक्समध्ये तेच ओतू नका, पितळी सिंक्रो (गिअरची गती जुळवणाऱ्या रिंगा) असलेल्या बॉक्सला जीएल-४ लागतं. नव्या जोडीला पहिले ५०० किलोमीटर जड माल आणि लांब चढ देऊ नका, आणि १,००० किलोमीटरला ऑइल बदलून मॅग्नेट पुन्हा बघा.